शुगर आहे, एवढंच लिहिलं होतं

नांदेड, २ मे
दुपार

प्रिय अक्का,

आज सकाळी नऊला टँकर आला. माझे सहा हंडे भरले. अकराच्या सुमारास नायगावहून एक बाई आल्या. तासभर बसल्या, पाणी प्याल्या आणि गेल्या. त्यानंतर मी काहीच केलेलं नाही. जेवलो नाही, इन्सुलिन घेतलं नाही, दारसुद्धा नुसतं लोटलेलं आहे. आता तीन वाजलेत.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली, पण ती सगळी पत्रं साहेबांच्या सहीची. स्वतःच्या सहीचं मोठं पत्र हे बहुधा पहिलंच. त्या बाईंनी जे सांगितलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं हे कळत नाही. मला भीती वाटते, अक्का. लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी.

तुझा आजार तुलाच काय सांगायचा? पण पहिल्यापासून मांडल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. कारकुनाची सवय समज.

दिवाळीनंतर तुझं वजन उतरायला लागलं, छाती धडधडायची. डॉक्टर म्हणाले, थायरॉईड जास्त आहे. गोळ्या दिल्या. गोळ्या लागू पडल्या, धडधड थांबली, तू फोनवर खुशीत होतीस. महिना-दीड महिना गेला आणि एका सकाळी निलंग्याहून तुझ्या शेजारणीचा फोन आला. "दादा, बाई शाळेच्या फाटकापाशी हुब्या हायेत. फाटकाला कुलूप हाय, अजून उजाडलं बी न्हाई. आंग घामानं भिजलंय. मला वळखंना झाल्यात."

तुला शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. बाहेर थंडी होती. मी पहिल्या एसटीने निघालो आणि तुला घेऊन नांदेडला आलो. वाटेत तू अगदी नेहमीसारखी होतीस. "झोपेत चालले असंन," म्हणालीस.

मग तो प्रकार मी स्वतः पाहिला. दुपारी आपण वरणभात जेवलो होतो. चारच्या सुमारास तू पलंगावर बसून पेपर वाचत होतीस. एकदम मान वर केलीस आणि मला म्हणालीस, "गुरुजी, पट घेतला का?" तुझे डोळे माझ्याकडे होते, पण मी त्यांच्यात नव्हतो. कपाळावरून घाम ओघळत होता. काय करावं हे न सुचून मी माझं शुगर तपासायचं मशीन आणलं आणि तुझ्या बोटाला टोचलं. अठ्ठावीस. माझा आकडा दोनशेच्या खाली कधी बघितला नव्हता. मशीन बिघडलं असेल म्हणून स्वतःच्या बोटाला टोचलं, तर दोनशे दहा. मशीन बरोबर होतं.

साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. दहा मिनिटांत तू परत आलीस. "असा का बघून राहिलास? भूत बघितल्यावानी."

खरंच तसं वाटलं होतं, अक्का. ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू बरी झाल्यावर मी मागच्या अंगणात गेलो आणि भिंतीला धरून उभा राहिलो. आईबाप गेल्यावर तूच होतीस. तू मला ओळखलं नाहीस तर मला ओळखणारं कोण उरतं?

तू मात्र चेष्टा करायचीस. "तुझी शुगर चढती, माझी उतरती. दोघांची एका पातेल्यात कालवली तर एक धडका माणूस निघंल की."

कॉलनीत बातमी पसरली, अक्काला शुगर झाली. कुणी मेथीचे दाणे आणून दिले, कुणी कारल्याचा रस. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "दोघांनाबी शुगर? खानदानी हाय म्हणा की." मी सांगायचो, हिची वाढत नाही, कमी होते. त्या मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "हाव, हाव. गोडाचं पथ्य सांभाळा." आपल्याकडे शुगर आहे म्हटलं की ती वाढलेलीच. दुसरी शुगर कुणी पाहिलेलीच नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तेव्हा मला फक्त हसू आलं.

मग हैदराबाद. चार दिवस तुला ठेवून घेतलं. दर दोन तासांनी रक्त. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "घरात कुणाला इन्सुलिन चालू आहे का?"

मी म्हणालो, "मला आहे."

"कुठे ठेवता?"

"फ्रीजच्या दारात."

ते म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या रक्तात इन्सुलिन इतकं आहे की ते बाहेरून घेतल्यासारखं वाटतंय. त्या एकट्या राहतात ना? मनाला काही लागलंय का त्यांच्या? अजून एक तपासणी पाठवलीय. दहा दिवस लागतील. तोपर्यंत लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा. एवढंच ते म्हणाले होते. बाकीचं मी केलं.

नांदेडला आल्यावर मी माझ्या सुया मोजायला लागलो. सकाळी मोजायचो, संध्याकाळी मोजायचो. इन्सुलिनच्या बाटलीवर बॉलपेनने बारीक खूण करून ठेवायचो, पातळी उतरली का बघायला. धरणातल्या पाण्याची रोजची नोंद मी आयुष्यभर पाहिली, तशीच ही. तुला विचारायची मला भीती वाटत होती. तू 'हो' म्हणालीस तर काय करायचं? आणि 'नाही' म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन का?

आणि हेही लिहूनच टाकतो. निलंग्यातला पहिला झटका आला तेव्हा तू माझ्या घरात नव्हतीस. माझ्या सुया तिथे कुठून येणार? एवढा साधा हिशेब मला सुचला नाही. भ्यालेल्या माणसाला सुचत नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी फ्रीजपुढे वाकलो होतो आणि तू मागून म्हणालीस, "किती भरल्या?"

"काय?"

"सुया. मोजून राहिलास न्हव?"

मी फ्रीज लावला. तू ओरडली नाहीस. "मला इचारायचं होतंस गौतम," एवढंच म्हणालीस आणि भाजी निवडायला बसलीस. त्या दिवसापासून तू माझ्या फ्रीजला हात लावला नाहीस. दूधसुद्धा मलाच काढून मागायचीस.

दहाव्या दिवशी फोन आला. डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. तुझ्याच शरीराने तुझ्या इन्सुलिनच्या विरुद्ध काहीतरी तयार केलं होतं. ते जेवणानंतरचं इन्सुलिन पकडून ठेवायचं आणि तीन-चार तासांनी, नको तेव्हा, एकदम सोडून द्यायचं. मग साखर ढासळायची. फार थोड्या लोकांना होतं. थायरॉईडच्या गोळीमुळे हे सुरू झालं असावं. गोळी बंद करा, दुसरं औषध देतो, काही महिन्यांत ओसरेल. तोवर दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, फुटाणे, शेंगदाणे, एकदम पोटभर नाही, गोड तर नाहीच. "पण झटका आला तर ताबडतोब साखर. तिथे एक मिनिट घालवायचं नाही."

मी फोन ठेवून तुला सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस. "म्हंजे माझं मीच करून राहिले, पर मला ठाऊक न्हाई. तू लई चुकला न्हाईस."

हसून म्हणाली होतीस. ते हसणं कसलं होतं अक्का? मला अजून समजलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तू निलंग्याला निघालीस.

मला माफी मागायची होती. सकाळपासून शब्द जुळवत होतो, जमलं नाही. म्हणून मी चिठ्ठी लिहिली. चांगल्या जाड कागदावर, शाईच्या पेनाने. "या बाईंना शुगरचा त्रास आहे. अचानक चक्कर येते. तसे झाल्यास त्वरित खालील क्रमांकावर कळवावे." खाली माझं नाव, पत्ता, फोन. साहेब म्हणायचे, गौतमचा मसुदा म्हणजे एक शब्द जास्त नाही. तसाच मसुदा केला. दोन प्रती काढल्या, एक तुला, एक मला; माझीत 'बाईंना'च्या जागी 'गृहस्थांना' आणि खाली तुझा फोन.

एसटीत तुझ्या हातात दिली. तू न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकलीस. अक्का, तू का वाचली नाहीस? छत्तीस वर्षं मास्तरीण होतीस. पोरांच्या वहीतला साधा अनुस्वार तुझ्या नजरेतून सुटला नाही. वाचली असतीस तर तिथंच म्हणाली असतीस, "येड्या, कमी होती म्हणून लिही की." पण तू रागावलेली होतीस आणि तो राग मी कमावलेला होता.

तीन आठवडे बरे गेले. झटके कमी झाले. हैदराबादला पुन्हा दाखवायचं होतं, म्हणून मी फोन केला. न्यायला येतो म्हणालो. तू म्हणालीस, "तू येऊन काय एसटी वढणार हायस? म्या येते. ज्वारीचं पीठ दळून ठिव." तुझा आवाज मोकळा वाटला. मी पीठ दळून आणलं.

फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी साडेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला, बसमधल्या कुणा प्रवाशाचा. मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तू गेली होतीस. उदगीरच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, आणलं तेव्हा साखर इतकी उतरली होती की मशीनवर आकडाच येत नव्हता. त्यांनी लगेच ग्लुकोज चढवलं, पण फार वेळ गेला होता. उदगीरच्या अलीकडे नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी रास्ता रोको होता, बस अडीच-तीन तास अडकली, एवढंच मला कळलं. पर्समध्ये चिठ्ठी नव्हती, झटक्यासाठी तू नेहमी जवळ ठेवायचीस ती साखरेची पुडीही नव्हती. मी दोन महिने धरून चाललो की तू पुडी घरी विसरलीस. तुझ्यावर चिडलोसुद्धा.

आज आलेल्या बाईंचं नाव रशीदाबी. नायगावात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. वय तुझ्याएवढं. निलंग्याला लेकीकडे गेल्या होत्या. परतताना एसटीत तुझ्या शेजारी बसल्या होत्या.

दारात उभ्या राहून त्यांनी आधी चिठ्ठीच पुढे केली. माझं अक्षर. बसमधून मला फोन लावला तेव्हापासून ती त्यांच्याकडेच राहिली होती.

त्यांनी तुझ्या गप्पा सांगितल्या. तू त्यांच्याकडून बांगडीचं माप काढून घेतलंस म्हणे. त्या नुसता हात दाबून म्हणाल्या, "दोन-सहा," आणि तू म्हणालीस, "शाळेत असताना दोन-चार होतं, पोरांना मारून मारून वाढलं." रस्ता अडवलेली पोरं घोषणा देत होती तेव्हा सगळी बस त्यांना शिव्या घालत होती आणि तू म्हणालीस, "होऊ द्या जिल्हा. लातूर जिल्हा झाला तवाच मला नोकरी लागली, न्हाईतर म्या ज्वारीच खुडत बसले असते." तू त्यांना तुझ्या डब्यातले शेंगदाणे दिलेस. दोघींनी मिळून संपवले. समोर हॉटेल होतं, पण त्याच्याकडे पाणी नव्हतं म्हणून चहा नव्हता.

"मग बाईंना घाम सुटला," रशीदाबी म्हणाल्या. "म्या म्हणलं, ऊन हाय. तर त्या मलाच म्हणल्या, पोरींनो, रांगंत बसा. म्या घाबरले. त्यांनी पर्समधून पुडी काढली. हात असा थरथरत होता, आधी साखर साडीवर सांडली. पुढच्या शिटावर एक मास्तर होते. त्यांनी पर्स बघितली, त्यात ही चिठ्ठी. मोठ्यानं वाचली. शुगरच्या पेशंट हायेत."

त्यांनी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता.

"भाई, मेरे मियाँ इसी शुगर में गए. पाय कापला. तरी लपून जिलेबी खायाचे, म्या हातातून हिसकून घ्यायची. तसंच झालं. म्या बाईंच्या हातातली पुडी हिसकून घेतली. त्यांनी माझं मनगट धरलं. लई जोर केला. दोन बांगड्या फुटल्या. म्या म्हणलं, नक्को बाई, लेकरावानी नक्को करू. मग त्यांनी सोडलं. खिडकीला डोकं टेकलं. आम्हाला वाटलं, निजल्या."

तू पुडी विसरली नव्हतीस. पुडी तुझ्या हातात होती, अक्का.

"दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. "कुणाच्या हातात बांगडी भरायला लागले की त्यांची पकड आठवती. पुडी मागताना त्यांना बोलता येत नव्हतं, पर डोळे... सच बोलो भाई. म्या बराबर केलं ना?"

त्यांनी दोन महिने हा प्रश्न घेऊन काढले होते आणि शेवटी एसटीने माझ्या दारात आणला होता. मी चिठ्ठीकडे बघत होतो. तीन ओळी. 'कमी' हा शब्द नाही. 'साखर द्या' हे दोन शब्द नाहीत.

मी म्हणालो, "चिठ्ठीत तसंच लिहिलं होतं. तुम्ही बरोबर केलं."

त्या पदराने डोळे पुसत रडल्या. बरं वाटल्यासारख्या रडल्या. मलाही क्षणभर वाटलं, एकाचं तरी ओझं उतरलं. जाताना दारात चप्पल घालता घालता त्या म्हणाल्या, "दुकानात येणाऱ्या एकूण एक बाईला म्या सांगून ऱ्हायले. शुगरवाल्याच्या हातात साखर दिसली, की आधी हिसका. मग बाकी."

त्या गेल्या आणि मी इथे खुर्चीत बसलो तो बसलोच.

मी खोटं बोललो. दया म्हणून बोललो की भिऊन? चूक माझ्या चिठ्ठीची आहे, हे सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं असतं, त्याला भिऊनच बोललो असणार. आणि आता ते खोटं नायगावच्या बाजारात फिरतं आहे. बांगडी भरायला रोज किती बाया येत असतील? त्यातल्या कुणाच्या घरी माझ्यासारखा इन्सुलिन घेणारा असेलच. त्याला कधी जेवायला उशीर होईल, हात थरथरेल, तो साखरेच्या डब्याकडे जाईल आणि त्याची बायको डबा काढून घेईल. मायेनेच काढून घेईल.

आणि दुसरी प्रत? ती माझ्याच शर्टाच्या खिशात आहे. हीच तीन वाक्यं छातीशी घेऊन मी दोन महिने बाजारात फिरतोय.

तू गेल्यापासून मला सुईची भीती वाटते हे तुला सांगायचं राहिलं. साखर खाली जाईल या भीतीने मी निम्माच डोस घेतो, कधी घेतच नाही. इथले डॉक्टर रागावले. पायाची आग होते. मघाशी घाम फुटला तेव्हा वाटलं, झालं, आपलीही उतरली. तपासलं तर तीनशे चाळीस. घाम नुसता भीतीचा होता. अशाने मी रशीदाबींच्या नवऱ्याच्या वाटेने जाईन, आणि तूच मला रागे भरशील.

मला तुझ्यावरही थोडं रागवायचं आहे. फ्रीजपुढे त्या दिवशी तू मला दोन शब्द सुनवायला हवे होतेस. थोरल्या बहिणीने थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. तू गप्प राहिलीस म्हणून मीही गप्प राहिलो, आणि बोलायचं ते चिठ्ठीवर ढकललं. आपल्या घरात सगळे असेच. बाबा तरी कधी काय बोलले?

अक्का, उद्या सकाळच्या बसने मी नायगावला जातो. रशीदाबींच्या दुकानात जाऊन त्यांना सांगतो, की मी काल खोटं बोललो. साखर द्यायला हवी होती. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, ते लिहिणं माझं काम होतं आणि मी लिहिलं नाही. त्या रडतील, मला बोलतील, कदाचित दुकानातून जा म्हणतील. तरी सगळं सांगून होईपर्यंत मी उठणार नाही. हा तुला शब्द. आणि त्या ऐकतील तर त्यांच्याच तोंडून बायांना सांगायला लावीन, की शुगरवाला थरथरत असेल तर त्याच्या हातातली साखर घेऊ नका, उलट त्याला द्या.

जायचं म्हणजे मला धड राहावं लागेल. हे वरचं लिहून झाल्यावर उठून पूर्ण डोस घेतला. आता अर्ध्या तासात जेवायलाच हवं, टाळून चालत नाही. घरात मी एकटा, पीठ मळणारं दुसरं कुणी नाही. तवा तापत ठेवला आहे, पाण्याला आधण आलं. भाकरी थापायला बसतो.

तुझा भाऊ,
गौतम